तळ कोठे टाकावा?

भोपाळच्या नेहरू नगरातून आमच्या एका जुन्या वाचकांचे पत्र आले आहे. मूळचे ते डिचोलीकडचे. नोकरीच्या निमित्ताने तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. वर्तमानपत्र मात्र अद्याप गोव्याचे वाचतात. पत्रात तक्रार आहे, पण ती नोकरीची नाही, भाषेची नाही, की महागाईचीही नाही. गेल्या नाताळच्या सुटीत वृद्ध आईला, पत्नीला आणि दोन मुलांना घेऊन शहराबाहेर दोन रात्री उघड्यावर काढाव्यात, चांदणे पाहावे, चुलीवर भात शिजवावा, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यासाठी हल्ली ज्याला कॅराव्हॅन म्हणतात ते चाकांवरचे घर भाड्याने घ्यावे की साधा तंबू न्यावा, याचा खल त्यांच्या घरी महिनाभर चालला, आणि अखेरीस बेत रद्द झाला. गाडीच्या मालकाला त्यांनी विचारले की, आतल्या संडासाची टाकी भरल्यावर ती रिकामी कोठे करायची? मालकाने हसून उत्तर दिले, ‘साहेब, जंगल काय लहान आहे?’ या उत्तराने आपला उत्साहच मावळला, असे आमचे वाचक लिहितात. तो मावळला हे त्यांच्या सुसंस्कृतपणाचे लक्षण आहे. परंतु एका सुसंस्कृत कुटुंबाला केवळ आपल्या सुसंस्कृतपणापायी घरी बसावे लागावे आणि ज्याला जंगल लहान नाही त्याची गाडी मात्र निर्वेध धावावी, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

देशापुढे अन्नाचे, रोजगाराचे, शिक्षणाचे प्रश्न उभे असताना कोणा एका कुटुंबाच्या सहलीवर अग्रलेख कशाला, असे काही वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. तथापि आजच्या महानगरात जन्मलेल्या मुलाला संपूर्ण अंधार कसा असतो, हे ठाऊक नसते. नदीचा रात्रीचा आवाज त्याने ऐकलेला नसतो. श्रीमंतांना त्यासाठी शेतघरे आहेत, अरण्यातली विश्रामगृहे आहेत. भटक्या जमातींच्या नशिबी उघडी रात्र जन्मजात लिहिलेली आहे. मधला जो मोठा वर्ग आहे, ज्याच्याकडे चार दिवसांची रजा आणि मोजके पैसे असतात, त्याला मात्र शहराच्या वेशीबाहेर एक रात्र सभ्यपणे काढता येईल अशी जागा आपण ठेवलेली नाही. गावात वाचनालय असावे, उद्यान असावे, हे आपण मान्य केले आहे. शहराजवळ मुक्कामाची सार्वजनिक जागा असावी, हे मान्य करायला आपण अजून तयार नाही.

भोपाळच्या गाऱ्हाण्याची दखल पणजीत का घ्यावी, असेही कोणी म्हणेल. त्या मुलखाचे आणि गोव्याचे नाते आपण विसरता कामा नये. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींच्या तुकड्या आपल्या सीमेवर आल्या, त्यांत आजच्या मध्य प्रदेशातील लोक मोठ्या उमेदीने आले होते. उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ पोर्तुगीजांच्या गोळीला बळी पडले. सागरच्या सहोदराबाई राय गोळ्या लागून जखमी झाल्या. त्या मंडळींनीही घरापासून शेकडो मैलांवर मुक्काम टाकले होते, आणि ते सहलीसाठी नव्हते. ज्यांच्या मुलखातून माणसे येथे मरायला आली त्यांच्या मुलखातील एका गोमंतकीयाचे पत्र वाचून आपण उत्तर देऊ नये, हे शोभणारे नाही. शिवाय त्यांचे दुखणे आपल्याच दारचे आहे. बसगाड्या भरून आलेले प्रवासी आपल्या रस्त्याच्या कडेला, माडांच्या सावलीत, समुद्रकिनाऱ्यावर चुली मांडतात, खरकटे तेथेच टाकतात आणि पुढे जातात, हे चित्र आपण वर्षानुवर्षे पाहत आहोत. २०१९ साली आपल्या सरकारने पर्यटनस्थळांच्या संरक्षणाच्या कायद्यात दुरुस्ती करून उघड्यावर स्वयंपाक करणे व मद्य पिणे हा गुन्हा ठरविला. कायदा झाला हे चांगलेच झाले. पण दंडाची पावती फाडल्यानंतर ‘मग आम्ही शिजवायचे कोठे?’ असा प्रश्न त्या प्रवाशाने केला, तर शिपायाने त्याला कोणती जागा दाखवावी, याचे उत्तर कायद्यात नाही.

आता नेहरू नगराची भूगोलातली जागा पाहा. ते भोपाळच्या नैर्ऋत्येस, भदभदा रस्त्याच्या अंगाला वसले आहे. १९८२ साली स्थापन झालेली भारतीय वन व्यवस्थापन संस्था तेथेच टेकडीवर आहे. देशातील वनांचा कारभार कसा करावा हे जेथे शिकविले जाते, त्याच वस्तीतील माणसाला जंगलाच्या कडेला एक रात्र कशी काढावी हे कोणी सांगू शकत नाही, यातला विनोद सरकारी आहे. वस्तीच्या उत्तरेस बडा तलाव. अकराव्या शतकात राजा भोजाने बांधलेला, भरला म्हणजे सुमारे ३१ चौरस किलोमीटर पसरणारा. त्याच्या काठाला १९८३ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळालेले वनविहार आहे. भदभद्याचा बंधारा १९६५ साली बांधला गेला. पावसाळ्यात तलाव भरला की त्याचे दरवाजे उघडतात आणि जादा पाणी कलियासोत नदीत उतरते. ती भोजपूरकडे जाऊन बेतव्याला मिळते, बेतवा यमुनेला. दक्षिणेस केरवा आणि कलियासोतची धरणे, त्यांच्यापलीकडे विंध्याचे सागाचे रान. एका शहराला ईश्वराने आणि एका राजाने मिळून यापेक्षा अधिक काय द्यायचे राहिले?

परंतु या समृद्धीतच अडचण आहे. बडा तलाव हे भोपाळचे पिण्याचे पाणी आहे. शहराचा मोठा भाग आजही त्यावर तहान भागवितो. २००२ साली बडा आणि छोटा असे दोन्ही तलाव मिळून ‘भोज पाणथळ’ या नावाने रामसर यादीत नोंदले गेले. २०२३ च्या सप्टेंबरात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने या पाण्यात क्रूझ आणि डिझेलवर चालणाऱ्या मोटारबोटी फिरविण्यास मनाई केली. हजारो लोक ज्या बोटींतून हौसेने फिरत त्या बंद झाल्या, आणि त्या बंद होणे योग्यच होते. कारण हौस चार घटकांची असते आणि पाणी रोज प्यावयाचे असते. ज्या तलावात तेलाचा तवंग नको, त्या तलावाच्या पाणलोटात एखाद्या गाडीची मैल्याची टाकी मोकळी होणे कसे चालेल? ‘जंगल काय लहान आहे’ म्हणणारा गृहस्थ संध्याकाळी घरी जाऊन ज्या नळाचे पाणी पितो, तो नळ कोठून भरतो, हे त्याला कोणी शिकविलेले नाही.

दुसरी गोष्ट वाघाची. कलियासोत आणि केरव्याच्या परिसरात वाघांचा वावर आहे, हे भोपाळकरांना नवे नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात मौलाना आझाद राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या आवारातच वाघ आला. विद्यार्थ्यांना वसतिगृहात बसवून ठेवावे लागले आणि शेवटी वाघाला पकडून दूरच्या अरण्यात सोडावे लागले. वाघ शहरात आला, असे वर्तमानपत्रांनी लिहिले. वाघांत वर्तमानपत्र असते, तर शहर जंगलात आले असेच त्यात छापले गेले असते. डिसेंबर २०२४ मध्ये भोपाळच्या दक्षिणेचे रातापानीचे अभयारण्य व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर झाले. मध्य प्रदेशातील हा आठवा प्रकल्प, एकूण क्षेत्र सुमारे १२७१ चौरस किलोमीटर. एखाद्या राज्याच्या राजधानीच्या इतक्या जवळ व्याघ्र प्रकल्प असणे ही भाग्याची गोष्ट आहे. पण त्यामुळेच तेथे वाटेल त्याने वाटेल तेथे राहुटी ठोकावी, हे होणे नाही. आणि होऊही नये. आमच्या वाचकांनी केरव्याच्या काठी तंबू टाकण्याचा विचार सोडून दिला, हे उत्तम केले. अरण्याच्या कडेला मुक्काम करायचा तर तो वन खात्याने आखून दिलेल्या जागी, त्यांच्या परवानगीने आणि रखवालदाराच्या देखरेखीखाली करावा. केरवा, समर्धा, कठोतिया यांसारख्या ठिकाणी वन खात्याच्या पर्यटन मंडळाने काही निवासस्थळे उभारली आहेत. ती चांगली आहेत. पण त्यांची संख्या एका महानगराच्या मानाने फार थोडी आहे.

भोपाळजवळ तळ कसा टाकावा आणि कसा टाकू नये, याचा एक जुना धडा मराठी माणसाला ठाऊक असायला हवा. १७३७ च्या डिसेंबरात निजाम दिल्लीची कुमक, जड तोफा आणि अवाढव्य सामानसुमान घेऊन भोपाळला येऊन बसला. मागे तलाव. जागा सुरक्षित, असा त्याचा हिशोब. थोरल्या बाजीरावांची फौज हलकी, सामान थोडे, घोडा हेच बिऱ्हाड. त्यांनी निजामाच्या भोवती फेर धरला आणि धान्याच्या वाटा तोडल्या. तोफा जाग्यावर राहिल्या आणि माणसे उपाशी पडली. १७३८ च्या जानेवारीत दोराहा सराई येथे निजामाला तह करावा लागला आणि माळव्यावरचा मराठ्यांचा हक्क मान्य झाला. लढाईचा आणि कुटुंबाच्या सहलीचा संबंध जोडल्याबद्दल इतिहासाचे अभ्यासक आम्हांला क्षमा करोत. पण मुक्कामाचे शास्त्र तेच आहे. किती सामान नेले यावर मुक्काम ठरत नाही; पाणी कोठून येणार, धान्य कोठून येणार आणि वाट कोणती मोकळी राहणार, यावर ठरतो. हल्लीच्या सहलीच्या जाहिराती पाहाव्यात, तर त्यांत सारे निजामाचे सामान असते. गाडीत बिछाना आहे, थंड हवेचे यंत्र आहे, दूरचित्रवाणी आहे. ती गाडी रात्री उभी कोठे राहणार, याविषयी मात्र एक ओळ नसते.

कॅराव्हॅन ही वस्तू वाईट आहे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. वृद्धांना, लहान मुलांना आणि विशेषतः स्त्रियांना ती मोठी सोयीची आहे. आपल्याकडे पुरुषांच्या टोळक्याला रानात रात्र काढण्यात अडचण नसते. घरची स्त्री मात्र ‘तेथे सोय काय?’ म्हणून मागे राहते, आणि सोय या शब्दात तिला काय अभिप्रेत आहे हे सर्वांना कळते. गाडीत संडास आहे म्हणून आमच्या वाचकांच्या मातोश्री सहलीला निघायला तयार झाल्या होत्या. पण या गाडीला दोन पोटे असतात. एका टाकीत मोरीचे सांडपाणी साचते, दुसऱ्या टाकीत मैला. दोन-तीन दिवसांत ती भरतात आणि कोठे तरी रिकामी करावीच लागतात. युरोपात, अमेरिकेत त्यासाठी तळावर गटाराला जोडलेली ठरलेली जागा असते, शेजारी पिण्याच्या पाण्याचा वेगळा नळ असतो, विजेची जोडणी असते. आपल्या केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने २०१० साली कॅराव्हॅन आणि कॅराव्हॅनतळ यांविषयी धोरण आखले, त्यात हा विचार होता. मध्य प्रदेशाने अशा गाड्या चालवून पाहिल्या. महाराष्ट्राने आणि केरळने २०२१ साली आपापली धोरणे जाहीर केली. धोरणांत तळ आहेत, नकाशे आहेत, सवलती आहेत. प्रत्यक्षात गाड्या अगोदर आल्या आणि तळ मागे राहिले. आधी मोटार विकायची आणि मग रस्ता बांधायचा, ही आपली जुनी रीत आहे. तिचे हे नवे उदाहरण.

तळ नसले की काय होते, हे पाहायला भोपाळपर्यंतही जावे लागत नाही. मुंबई आणि पुण्याच्या मधोमध मावळात पवना धरणाच्या काठी सुटीच्या दिवशी जावे. ओळीने तंबू, तंबूंपुढे शेगड्या, ध्वनिवर्धकांचा गोंगाट. हेच पाणी पुढे पिंपरी-चिंचवडकर पितात. तेथे तंबू भाड्याने देणाऱ्या गावकऱ्याला आम्ही दोष देणार नाही. शेती परवडत नाही म्हणून त्याने चार तंबू घेतले, हा त्याचा उद्योग आहे. शहरातून येणाऱ्या तरुणालाही सर्वस्वी दोष देता येत नाही; त्याला दुसरी जागा दाखविलेली नाही. दोष आहे तो कोणाचीच नाही अशा जागेचा. आणि जागा कोणाचीच नसते तेव्हा एके दिवशी न्यायालयाला मध्ये पडावे लागते. २०१५ च्या डिसेंबरात कौडियाला ते हृषीकेश या पट्ट्यातील गंगाकाठच्या तळांवर हरित न्यायाधिकरणाने बंदी आणली. २०१८ साली उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने हिमालयातील उंच कुरणांत रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली. न्यायालयांनी केले ते त्या परिस्थितीत प्राप्तच होते. पण बेशिस्तीनंतर बंदी आणि बंदीनंतर चोरटी बेशिस्त, हे चक्र म्हणजे व्यवस्था नव्हे.

व्यवस्था आम्हांला येतच नाही, हा आपला भारतीय स्वभाव आहे, असे म्हणण्याची हल्ली फॅशन आहे. आम्हांला ते मान्य नाही. आषाढीची वारी पाहा. आळंदीहून निघालेली ज्ञानोबांची पालखी आणि देहूहून निघालेली तुकोबांची पालखी पुण्यासारख्या महानगरात मुक्काम करतात. लाखो माणसे सुमारे तीन आठवडे रोज नवा तळ टाकतात आणि रोज सकाळी तो उचलतात. कोणत्या तिथीला कोणता मुक्काम, हे अगोदर ठरलेले. कोणत्या दिंडीमागे कोणती दिंडी, हे ठरलेले. राहुट्या, शिधा आणि पाण्याचे टँकर पुढे जातात, माणसे चालत मागून येतात. संध्याकाळी तळावर समाज आरती होते. चोपदार दंड उंचावतो तेव्हा एवढा समुदाय क्षणात शांत होतो, हरवलेल्या वस्तू पुकारल्या जातात, तक्रारी मांडल्या जातात. वारीतही अस्वच्छता होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. गेल्या दशकात तळोतळी फिरती शौचालये उभी करून तिच्यावर पुष्कळ प्रमाणात इलाज केला गेला. जागा दिली, सोय केली, तर वारकऱ्याला स्वच्छता शिकवावी लागली नाही. आपल्या घरोघरच्या बायका कार्तिकात आवळीभोजनाला जातात. झाडाची पूजा करून त्याखाली जेवतात आणि निघताना जागा झाडून येतात. बाहेर जेवण्याचा हा संस्कार आपल्याकडे जुना आहे. तो सहलीच्या गाडीत बसताना आपण घरी ठेवून जातो, एवढेच.

आणि या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे, जी आमच्या वाचकांच्या पत्रात नाही, पण त्यांच्या वस्तीच्या नावात आहे. गाडिया लोहार नावाची जमात राजस्थान, मध्य प्रदेशच्या रस्त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या बैलगाडीत संसार करीत आली. १५६८ साली चितोड पडला तेव्हा, पुन्हा स्वतंत्र झाल्याखेरीज छपराखाली राहणार नाही अशी शपथ पूर्वजांनी घेतली, असे ते सांगतात. ६ एप्रिल १९५५ रोजी पंडित नेहरूंनी स्वतः त्यांना चितोडगडात नेले आणि शपथ पूर्ण झाल्याचे सांगितले. समारंभ भव्य झाला. पण आजही अनेक शहरांच्या कडेला, पुलांखाली, ऐरण मांडून बसलेले गाडिया लोहार दिसतात आणि नगरपालिकेची गाडी आली की त्यांना उठावे लागते. भटक्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविणारा इंग्रजांचा कायदा १९५२ साली रद्द झाला. त्यांच्याकडे पाहण्याची नजर अद्याप रद्द झालेली नाही. लोहाराची गाडी रस्त्याकडेला उभी राहिली तर ते अतिक्रमण आणि वातानुकूलित गाडी उभी राहिली तर ते पर्यटन, असा भेद करणाऱ्या धोरणाला आमचा सक्त विरोध आहे. पाण्याचा नळ, संडास आणि रात्रीचा दिवा ज्या तळावर असेल, तेथे थोडे शुल्क देऊन सहलीवाला उतरावा आणि शुल्काशिवाय, मानाने, भटक्या कारागिराचीही गाडी थांबावी. सार्वजनिक या शब्दाचा याहून वेगळा अर्थ आम्हांला ठाऊक नाही. अहिल्याबाई होळकरांनी त्याच माळव्यातून राज्य करताना देशभर घाट आणि धर्मशाळा बांधल्या, तेव्हा त्यांनी प्रवाशाची ऐपत विचारली नव्हती.

असे तळ उघडले म्हणजे लोक सगळीकडे घाणच करतील, त्यापेक्षा कडक बंदी बरी, असा आक्षेप घेतला जाईल. त्याचे उत्तर नॉर्वेने १९५७ सालीच दिले आहे. त्या वर्षीच्या कायद्याने तेथील प्रत्येक माणसाला मोकळ्या रानात हिंडण्याचा आणि तंबू टाकण्याचा हक्क मिळाला. मात्र वस्तीच्या घरापासून १५० मीटर दूर राहिले पाहिजे, एका जागी साधारणतः दोन रात्रींहून अधिक राहायचे नाही आणि जागा जशी होती तशी सोडायची, ही त्याची अट. तो देश विरळ वस्तीचा आहे, आपला दाट वस्तीचा. तेव्हा तोच कायदा येथे जसाच्या तसा आणता येणार नाही. पण हक्क आणि कर्तव्य एकाच कागदावर लिहावीत, हे तत्त्व घेण्याजोगे आहे. आपण आजवर कर्तव्याचा फलक लावला आणि हक्काची जागा दिली नाही. म्हणून तो फलक कोणी वाचत नाही.

यासाठी अब्जावधींची योजना लागत नाही. प्रत्येक मोठ्या शहराच्या नगरपालिकेने आणि वन खात्याने मिळून पिण्याच्या पाण्याच्या पाणलोटाबाहेर आणि श्वापदांच्या वाटांपासून दूर अशा दोन-तीन जागा निवडाव्यात. तेथे सपाट जमीन, नळ, स्त्रियांसाठी वेगळे व दाराला कडी असलेले संडास, गाड्यांच्या टाक्या रिकाम्या करण्यासाठी गटारयोजनेला जोडलेली जागा, ठरलेल्या चुली आणि एक रखवालदार असावा. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक नाही, हा नियम असावा आणि तो पाळला जावा. कॅराव्हॅन भाड्याने देणाऱ्याला परवाना देताना टाकी कोठे रिकामी केली याची नोंदवही ठेवणे सक्तीचे करावे. पाण्यात घाण सोडण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९७४ पासून अस्तित्वात आहे. त्याची आठवण कारखान्यांबरोबर या चाकांवरच्या घरांनाही करून द्यावी. गोव्यानेही हे करावे. आपल्या प्रवेशनाक्यांजवळ बसगाड्यांतून येणाऱ्या प्रवाशांसाठी शिजविण्या-जेवण्याची व्यवस्थित जागा असेल, तर किनाऱ्यावरच्या चुलीला दंड करताना सरकारला मान ताठ ठेवता येईल.

सरकारने हे करीपर्यंत आमच्या वाचकांनी काय करावे? त्यांनी बेत सोडू नये, थोडा बदलावा. गाडीचा नाद तूर्त बाजूला ठेवून वन खात्याच्या एखाद्या निवासस्थळाची परवानगी काढावी. भोपाळची पौषातली रात्र कोकणातल्या माणसाला सहज सोसणारी नसते. पारा दहा अंशांखाली उतरतो, तेव्हा आईसाठी जाड पांघरूण अगोदर बांधावे. पिण्याचे पाणी घरून न्यावे. अन्न उघडे ठेवू नये, कारण त्याचा वास माणसापेक्षा जनावराला लवकर येतो. अंधार पडल्यावर मुलांना एकटे सोडू नये. चूल पेटविण्याची परवानगी असेल तेथेच पेटवावी आणि निजण्यापूर्वी राखेवर पाणी ओतून हात लावून पाहावी. सागाच्या वाळल्या पानांना ठिणगी पुरते. जो कचरा नेला तो मोजून परत आणावा. यातील एकाही गोष्टीला पैसा लागत नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मुलांना भीमबेटक्याला न्यावे. भोपाळपासून ते ४५ किलोमीटरच्या आसपास आहे. १९५७ साली उज्जैनचे डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर आगगाडीतून जात असता त्यांना हे खडक दिसले. ते उतरले, चालत गेले आणि जगाला मानवाच्या एका फार जुन्या मुक्कामाचा पत्ता लागला. २००३ साली युनेस्कोने त्या स्थळाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. रातापानीच्या व्याघ्र प्रकल्पालाही आता वाकणकरांचेच नाव आहे. हजारो वर्षे माणसे त्या खडकांच्या आडोशाला रात्री काढीत होती, समोर शेकोटी होती, भोवती वाघ होता. मागे काय ठेवून गेली? दगडाची काही हत्यारे आणि भिंतीवर तांबड्या-पांढऱ्या रंगातली चित्रे. हरणांची, गव्यांची, नाचणाऱ्या माणसांची. मुलांना ती चित्रे दाखवून आमच्या वाचकांनी एवढेच सांगावे की, आपल्या आधी येथे पुष्कळ जण मुक्कामाला होते, आणि आपल्यानंतरही पुष्कळ येणार आहेत. मग परत निघताना तळावरची जागा झाडून घेण्याचे काम मुलांवरच सोपवावे. जागा देण्याचे काम ज्यांचे आहे त्यांच्याकडे ती मागण्याचे काम आम्ही करीत राहू.